अभ्यासात अवचिताला जागा ठेवा

मुंबईत गिरगावातल्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका मुलाने खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. रोजच्या चिमण्यांना तो नसतो. मामांच्या ओळखीने तो मुलगा ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कार्यालयात गेला. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असं सांगितलं आणि तेवढ्यावर त्याची बोळवण केली नाही. त्यांनी संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखवले, वाचायला पुस्तकं दिली आणि पक्ष्यांचे नमुने कसे जतन करतात ते शिकण्याची वाट मोकळी करून दिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट. त्या मुलाचं नाव सालिम अली.

पुढे थोड्याच वर्षांनी, १९११च्या ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्याच अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. ईस्टर होता म्हणून तो खेळ लागला होता. छपाईच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या, चाळिशीतल्या या गृहस्थांच्या मनात मात्र त्या पडद्यावर राम आणि कृष्ण उभे राहिले. १९१२मध्ये ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, कॅमेरा मिळवला आणि पहिला प्रयोग केला तो कुंडीतल्या वाटाण्यावर. कोंब फुटून वेल चढेपर्यंतची वाढ त्यांनी थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपत चित्रित केली. मिनिटभराची ती फिल्म पाहून पैसा लावणाऱ्यांना विश्वास वाटला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला.

या दोन्ही घटना ठरवून घडलेल्या नाहीत. चिमणी अवचित सापडली, खेळ अवचित पाहिला गेला. पण अवचिताचा पुढे अभ्यास झाला, कारण कुणीतरी कपाट उघडून दिलं, हाताशी साधन आलं, आणि एकाच गोष्टीमागे लागायला वेळ मिळाला. आज शिक्षक, पालक आणि अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते म्हणून आपल्या हातात हेच आहे. शोध ठरवून लावता येत नाही. शोधाला वाव मात्र ठरवून देता येतो. तो कसा द्यावा, हे या लेखात सांगायचं आहे.

साधनं वाढली, वाव आकसला

दादर-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतही आता स्मार्टफोन आहे. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, ते स्कॅन केले की दीक्षा या सरकारी व्यासपीठावरचे धडे उघडतात. शाळांत मोठे पडदे आले. ही सगळी सोय चांगलीच आहे. खेड्यातल्या शाळेत क्यूआर कोडचा कल्पक वापर करून दाखवणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवून गेले, तेव्हा आपल्या सगळ्यांची मान उंचावली.

अडचण वापराच्या रीतीत आहे. मूल व्हिडिओ पाहतं, खाली आलेल्या चार पर्यायांतला एक निवडतं, बरोबरची हिरवी खूण पाहतं आणि पुढचा धडा उघडतं. जे आधी पाहिलं त्यासारखंच आणखी समोर येत राहतं. शंका आली तर शोधयंत्रातलं पहिलं उत्तर किंवा एआयने लिहून दिलेला परिच्छेद वहीत उतरतो. या सगळ्यात मूल वाट चुकत नाही, म्हणून त्याला नवं काही आडवं येत नाही. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होतो आणि कुतूहल मागे राहतं.

यावर उपाय म्हणून अभ्यासक्रम बाजूला सारायची गरज नाही. आठवड्यातली शाळेची एक तासिका वेगळ्या रीतीने वापरली तरी पुरे. त्या तासात दहा मिनिटं साधन हाताळू द्यावं, वीस मिनिटं ज्याला जे खटकलं त्याच्या मागे जाऊ द्यावं आणि शेवटची दहा मिनिटं एकमेकांना सांगायला ठेवावीत. त्या तासाचा विषय शिक्षकांनी ठरवावा. शेवट ठरवू नये.

फोनमधली प्रयोगशाळा उघडा

फोनमध्ये कॅमेरा आणि माइक असतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याशिवाय बहुतेक फोनांत गतीतला बदल मोजणारा संवेदक असतो, पुष्कळ फोनांत चुंबकीय क्षेत्र मोजणारा असतो आणि काहींत हवेचा दाबही मोजता येतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप या संवेदकांचे आकडे आणि आलेख दाखवतं. आपल्या फोनात काय आहे आणि काय नाही, तेही त्यातून कळतं.

एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण अवचित शोध कसा हाताला लागतो ते त्यात नीट दिसतं.

लालबागमध्ये जुन्या चाळींच्या शेजारी आता उंच टॉवर आहेत. समजा, हवेचा दाब मोजणारा एक फोन तुमच्याकडे आहे. सकाळी दहा वाजता मुलांना घेऊन तळमजल्यावर दाब मोजा, मग लिफ्टने विसाव्या मजल्यावर जाऊन मोजा. साधारण आठ-साडेआठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. मजला तीन मीटरचा धरला तर विसाव्या मजल्यावर सात हेक्टोपास्कलच्या आसपास फरक दिसेल. मुलं खूश होतात. आता फोन पाहून आपण कितव्या मजल्यावर आहोत ते सांगता येतं.

त्याच मुलांना संध्याकाळी चार वाजता पुन्हा तळमजल्यावर उभं करा आणि सकाळचा आकडा धरून मजला काढायला सांगा. हिशेब बहुधा पाचव्या-सातव्या मजल्याचा येईल. मूल म्हणेल, फोन बिघडला. बरेचसे मोठेही हेच म्हणतील आणि सकाळचे आकडे वहीत लिहून प्रयोग संपवतील.

इथेच थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा मोजा, चारला पुन्हा मोजा, जमल्यास रात्री दहालाही मोजा. दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला दिसेल. रात्री तो पुन्हा चढेल. सूर्य वातावरण तापवतो, त्यातून दाबाची ही दिवसातून दोनदा येणारी लाट तयार होते आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ती ठळक असते. समुद्राला भरती येते हे मुंबईच्या मुलाला ठाऊक असतं. हवेलाही चढउतार असतो हे त्याला लिफ्टमध्ये समजलं, आणि ते चुकलेल्या उत्तरातून समजलं. हे सांगून शिकवलं असतं तर ते एका ओळीत संपलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलंही गेलं असतं.

दाब मोजणारा फोन नसेल तर कॅमेऱ्यापासून सुरुवात करा. फाळक्यांनी केलेला प्रयोग आज कुठल्याही खिडकीत होतो. भिजवलेले मूग ओल्या कापडावर ठेवा, फोन स्थिर टेकवा आणि दर दोन मिनिटांनी एक छायाचित्र घेण्याची व्यवस्था करा. दोन दिवसांत १४४० चित्रं होतात. सेकंदाला २४ चित्रं या वेगाने ती दाखवली की एका मिनिटाची फिल्म तयार होते. मोड येताना दिसतील, ते अपेक्षितच आहे. रोपटं वाढू दिलं तर त्याचं टोक हळूहळू गोल डोलताना दिसेल, आणि ते बहुतेकांना अपेक्षित नसतं. चिंचेची किंवा लाजाळूची फांदी दिवसरात्र टिपली तर पानं संध्याकाळी मिटताना दिसतील. मग खोलीत दिवा चालू ठेवला तर काय होईल, हा प्रश्न मूल स्वतःच विचारेल.

यंत्राआधी अंदाज

कुठलंही मोजमाप करण्यापूर्वी मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा, ही एक सवय लागली तरी अर्धं काम होतं. अंदाजच नसेल तर नवल वाटायला आधार नसतो. वीस मजल्यांचा फरक किती असेल, मुगाला मोड कितव्या तासाला येईल, भरती उद्या किती वाजता येईल, हे आधी लिहायचं. अंदाज चुकला म्हणून हसायचं नाही आणि खोडायचंही नाही.

गिरगाव चौपाटीवर हे सोपं आहे. एकाच जागेवरून, रोज त्याच वेळी, आठवडाभर एक छायाचित्र घ्या. पाण्याची रेघ रोज बदललेली दिसते. मुलांचा अंदाज असतो की भरती रोज त्याच वेळी येते. प्रत्यक्षात ती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. हे एकदा चित्रांतून उमगलं की चंद्राकडे पाहण्याची नजर बदलते. मग वेळापत्रक दाखवा. आधी दाखवलं तर शोधायला काही उरत नाही.

एक फोन, चार मुलं

प्रत्येक मुलाला वेगळं उपकरण नाही, याची खंत पुष्कळ शाळांना वाटते. अवचित शोधासाठी एका फोनभोवती बसलेली चार मुलं अधिक उपयोगी ठरतात. एकटं मूल विचित्र आकडा पाहून पुढे सरकतं. चौघांत कुणीतरी ‘थांब, हे असं कसं?’ म्हणतंच.

चौघांना कामं वाटून द्या. एकाने उपकरण हाताळावं, एकाने नोंद करावी, एकाने वेळ आणि अंतर मोजावं, आणि चौथ्याने फक्त शंका काढाव्यात. दर वेळी कामं बदला. शंका काढण्याचं काम कधीतरी वर्गातल्या सर्वांत गप्प मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊ द्या. ज्यांना परीक्षेत कमी गुण मिळतात त्यांची नजर इथे पुष्कळदा तीक्ष्ण असते, आणि ती वर्गाला दिसणं त्यांच्यासाठी फार मोलाचं असतं.

घरोघरी पडून असलेले जुने फोन या कामी येतात. सिमकार्ड काढा, आधीची सगळी माहिती पुसून टाका, गरजेपुरती ॲप ठेवा आणि नेट बंद करा. संदेश येत नाहीत, खेळ नाहीत, त्यामुळे फोन केवळ मोजण्याचं साधन होतो. बॅटरी फुगलेला फोन मात्र कधीही वापरू नका. तारा, बॅटरीचे खण, छोटे दिवे, संवेदक, मायक्रोकंट्रोलर असं साहित्य ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर सुटं मिळतं. शिक्षकांनी दोन-चार मुलांना बरोबर घेऊन त्या दुकानांतून फिरणं हाही एक धडा आहे. यादी घेऊन जा, पण यादीबाहेरच्या एका वस्तूपुरते पैसे बाजूला ठेवा आणि ती वस्तू मुलांना निवडू द्या.

विचित्र आकडा खोडू नका

आपल्या शाळांत नीटनेटक्या वहीचं फार कौतुक होतं. प्रयोगवहीत ‘यायला हवं तेच’ उत्तर लिहिण्याची सवय लागते आणि बाकीचे आकडे रबराने जातात. या सवयीमुळे काय गमावतो ते समजायला कुलाब्याची गोष्ट उपयोगी पडेल.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली सुरू झाली. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी नियमित होऊ लागल्या. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. त्या वेळी कुलाब्याच्या उपकरणांनी सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखवली. तिथल्या माणसांनी ती तशीच लिहून ठेवली. त्यानंतर १४४ वर्षांनी, २००३मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी त्याच नोंदींच्या आधारे ते वादळ किती तीव्र होतं याचा हिशेब मांडला. आजच्या उपग्रहांना आणि वीजजाळ्यांना सूर्यापासून किती धोका आहे, याचा विचार करताना जगभर तो हिशेब वापरला जातो. लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. त्यांनी आपलं काम चोख केलं, म्हणून पुढच्यांना शोध लागला.

याच वेधशाळेची आणखी एक हकिकत मुलांना जरूर सांगा. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. आज रुळांलगतच्या एखाद्या चाळीत फोनचा चुंबकीय संवेदक चालू ठेवला तर चाळिसेक मायक्रोटेस्लाचा आकडा मधूनच हलताना दिसू शकेल. लोखंडी कपाटाजवळ, फ्रिजजवळ, जुन्या इमारतीच्या लोखंडी तुळईखाली तो नक्की हलेल. मोजणाऱ्याला नको असलेली ही हालचाल दुसऱ्या कुणासाठी माहिती असते. ‘हे काय मध्येच आलं?’ हा प्रश्न मुलाने विचारला की त्याच्या हाती नवा विषय आलेला असतो.

नोंद कशी ठेवावी? दिनांक आणि वेळ, जागा, कोणतं उपकरण, काय अपेक्षित होतं, काय दिसलं, असं का झालं असावं, आणि पुढे काय करून पाहायचं, एवढे रकाने पुरेत. खाडाखोड चालेल, रबर नको. वहीच्या शेवटच्या काही पानांवर न उलगडलेल्या गोष्टींची यादी ठेवा. वर्ग पुढे गेला की ती वही खालच्या वर्गाला द्या.

प्रत्येक नवल म्हणजे शोध नव्हे

कौतुकाच्या भरात मुलांना फसवी समजूत देणंही बरं नाही. विचित्र आकडा खरोखर काही सांगतो आहे की नुसती चूक झाली, हे तपासायला शिकवलं पाहिजे. त्यासाठी तीन साध्या कसोट्या आहेत.

पहिली, पुन्हा करून पाहा. तेच मोजमाप तसंच किमान तीनदा घ्या. दुसरी, एका वेळी एकच गोष्ट बदला. फोन बदलला आणि जागाही बदलली तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. तिसरी, दुसऱ्या गटाला काहीही न सांगता तेच मोजू द्या. त्यांनाही तसंच दिसलं तर बाब गंभीरपणे घ्यावी.

या कसोट्यांतून पुष्कळ नवलं गळून पडतील. फोन तापला होता, वेळ चुकीची लिहिली होती, बोट भिंगावर होतं, असं निघेल. तेही मुलांनी फळ्यावर येऊन सांगावं. चूक कुठे झाली हे शोधून काढणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याला टाळ्या मिळायला हव्यात.

एआयला उत्तर नको, प्रश्न विचारा

मोठ्या वर्गातली मुलं आता एआयला विचारूनच अभ्यास करतात. बंदी घालून फारसं साधत नाही. विचारण्याची रीत बदलता येते.

मुलाने आधी आपली नोंद आणि अंदाज लिहून घ्यावा. मग असं विचारावं: ‘मला उत्तर सांगू नकोस. हा आकडा असा का आला असेल याची चार संभाव्य कारणं दे, आणि प्रत्येक कारण घरच्या साधनांनी तपासायची एक रीत सांग.’ मिळालेल्या चारांपैकी दोन तरी प्रत्यक्ष करून पाहावीत. एआय चुकीची गोष्टही ठाम सुरात सांगतो. म्हणून त्याचं म्हणणं पुस्तकात, जाणकाराकडे किंवा प्रयोगात पडताळल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही, हा नियम पक्का करा. मुलाचं नाव, शाळा, पत्ता, छायाचित्र तिथे देऊ नये आणि त्या सेवेची वयाची अट आधी पाहावी.

क्यूआर कोडचा उलटा वापरही करता येतो. कोड स्कॅन करून दुसऱ्याने ठेवलेलं पाहण्याऐवजी मुलांनी स्वतःचे कोड तयार करावेत. शाळेच्या आवारातलं झाड, जिन्याखालची पाण्याची टाकी, वाचनालयातलं जुनं घड्याळ, यांच्याविषयी स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं बोलून तो कोड तिथे लावावा. येणाजाणाऱ्याला अवचित काही मिळतं आणि मुलाला आपला श्रोता मिळतो.

वस्ती हीच प्रयोगशाळा

आपल्या मुंबईत शिकण्याची ठिकाणं पावलोपावली आहेत. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५पासून हाताळून शिकण्यासाठी खुलं आहे, आणि जवळच १९७७मध्ये सुरू झालेलं नेहरू तारांगण आहे. भायखळ्याला राणीची बाग आणि तिच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १९६६मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद चुनाभट्टीला आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा आरंभ १९७४मध्ये नाना चौकातल्या महापालिका शाळेतून झाला. आज ते मानखुर्दला आहे आणि विज्ञान कसं शिकावं यावरचं त्याचं काम शिक्षकांनी पाहण्यासारखं आहे.

सहल नेताना मात्र सगळं दाखवण्याचा हट्ट सोडा. एका दालनात मुलांना तासभर मोकळं सोडा आणि प्रत्येकाने ‘मला न समजलेली एक गोष्ट’ घेऊन यावी, एवढंच सांगा. हेच ग्रंथालयात करा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला किंवा जवळच्या कुठल्याही वाचनालयाला जाताना हवं ते पुस्तक घ्याच, पण त्याच्या शेजारचं, नाव न ऐकलेलं एक पुस्तकही चाळा. शोधयंत्र मागितलं तेच देतं. कपाट न मागितलेलंही समोर ठेवतं.

चौपाटीवर ओहोटीच्या वेळी खडकांत दिसणारे जीव पाहण्यासाठी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७पासून लोकांना किनाऱ्यावर नेतो. टिपलेली छायाचित्रं आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकली की जगभरचे जाणकार ती ओळखायला मदत करतात. मुलाने टिपलेला शिंपला किंवा समुद्री गोगलगाय अशा रीतीने अभ्यासकांच्या कामी येणाऱ्या नोंदीत जाते. ही जाणीव मुलाला फार मोठं करते.

पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या हिंदमाता परिसरातल्या शाळांना तर दारातच विषय आहे. सरळ कडांच्या बाटलीत पट्टी लावून पर्जन्यमापक करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर वीस हजार लिटर पाणी झालं, हा हिशेब मुलांना चकित करतो. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते. पाऊस, भरतीची वेळ आणि गल्लीत साचलेल्या पाण्याची खिडकीतून दिसणारी पातळी, हे तीन रकाने एका तक्त्यात भरून आलेख काढा. पाणी केव्हा चढलं, केव्हा ओसरलं, प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि झेवियर्स मैदानाखाली बांधलेल्या साठवण टाक्यांनी काय फरक पडला, असे प्रश्न मुलं आपणहून विचारतील. या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात छापलेली नाहीत. त्यांची नोंद मुलांनीच ठेवायची आहे.

लालबाग-परळच्या गणेशोत्सवात हलत्या देखाव्यांमागे मोटारी, पट्टे, चाकं आणि प्रकाशयोजना असते. मंडळांनी एका दुपारी आसपासच्या मुलांना मंडपामागे बोलवावं आणि कारागिरांना त्यांचं काम उलगडून सांगायला सांगावं. अनेक मंडळं पुस्तकपेढी आणि अभ्यासिका चालवतात. त्याच अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ प्रयोगांसाठी ठेवणं सहज शक्य आहे.

गुण कशाला द्यायचे?

ज्याला गुण मिळतात तेच मुलं करतात. विज्ञान प्रदर्शनात चकचकीत मॉडेललाच बक्षीस मिळत असेल तर पालक तयार मॉडेल विकत आणणारच. त्याऐवजी वीस गुण असे वाटा: प्रश्नाला पाच, नोंदींना पाच, पडताळणीला पाच आणि दुसऱ्याला समजेल असं सांगण्याला पाच. प्रयोग फसला तरी वीसपैकी वीस मिळू शकतात, हे मुलांना आधीच सांगा. पालकसभेतही सांगा, कारण घरातला दबाव तिथूनच हलका होतो. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृती संशोधनाचा टप्पा असतो. त्याची तयारी म्हणून पाठांतर करवून घेण्यापेक्षा वर्षभर ठेवलेली अशी वही अधिक उपयोगी पडेल.

काळजी घ्या

घरच्या विजेच्या जोडणीवर प्रयोग नकोत, बॅटरीच्या खणांवरच भागवा. कॅमेऱ्यातून किंवा डोळ्यांनी थेट सूर्याकडे पाहू नये. फलाटाच्या कडेला, लोकलच्या दारात किंवा साचलेल्या पाण्यात उतरून मोजमाप करायचं नाही. पावसाळ्यात खडकांवर जायचं नाही आणि इतर वेळीही मोठ्यांबरोबरच जायचं. पक्ष्यांना, किनाऱ्यावरच्या जिवांना हात न लावता फक्त टिपायचं. लोकांचे चेहरे त्यांच्या परवानगीशिवाय चित्रित करू नयेत.

शिक्षक-पालकांना विनंती

हे सगळं करताना सर्वांत अवघड गोष्ट आपल्याला करायची आहे. उत्तर माहीत असूनही थोडा वेळ गप्प राहायचं आहे, आणि माहीत नसेल तर ‘मलाही ठाऊक नाही, चल बघू या’ असं म्हणायचं आहे. या वाक्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. मुलाला पहिल्यांदाच कळतं की ज्ञान तयार होताना पाहता येतं आणि आपणही त्यात हात घालू शकतो.

सुरुवात मोठी करू नका. या महिन्यात एक जुना फोन स्वच्छ करा, एक वही घाला, वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखून ठेवा आणि चार मुलांना एकत्र बसवा. तीन महिन्यांनी ती वही उघडून शेवटची पानं वाचा. तिथे न उलगडलेले प्रश्न साठले असतील तर तुमचा वर्ग योग्य वाटेवर आहे, असं खुशाल समजा.